फूटभर पाणी आणि पाचशे फूट काठ: नांदूर मध्यमेश्वरचं एक प्रकरण

डिसेंबरातली सकाळ. निफाडच्या थंडीचं कौतुक वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येतं, ते खोटं नसतं. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढताना लोखंडी कठडा हाताला चटका देत होता. फाटकाशी लावलेल्या पाटीवरचं सगळं आम्ही पाळलेलं: कपडे मातकट, मोबाईल बंद, पोरांना आधीच दम भरलेला. सोबतच्या गाईडने दुर्बीण तिकाटण्यावर बसवली, डोळा लावला आणि पुन्हा काढला. "अवघड आहे आज," तो म्हणाला.

मागच्या खेपेला मनोऱ्यासमोर चिखलाची रुंद पट्टी होती. शेकाट्यांच्या लाल काड्यांसारख्या पायांची तिथे गर्दी होती, चिखल्या पळत होते, चमचे पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालले होते. आज त्या जागी सपाट, चकचकीत पाणी, आणि पाण्याच्या मध्यावर वारकऱ्यांचा काळा ठिपक्याठिपक्यांचा थवा. (कूट या पक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा आणि एकट्याने न फिरण्याची सवय. ज्याने हे नाव ठेवलं त्याला माझा दंडवत.)

"चिखलातले कुठे गेले, दादा?"

"आवर्तन सुटलंय ना सर, परवाच. चिखल बुडाला सगळा. आता पाणी उतरेपर्यंत बारके पक्षी लांबच."

आवर्तन म्हणजे ठरल्या तारखांना कालव्यांत सोडलेलं शेतीचं पाणी. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या एका उत्तरामुळे. अभयारण्यातल्या माणसांच्या वावराचा विषय निघाला की चर्चा पर्यटकांभोवती फिरते: किती सोडायचे, किती लांब ठेवायचे, फोटोग्राफरांना आवरायचं कसं. त्या दिवशी आम्ही नियमांतलं एक अक्षरही मोडलं नव्हतं, तरी समोरचा अधिवास दोन दिवसांपूर्वीच जागचा हलला होता. तो हलवणारा हात वन्यजीव विभागाचा नव्हता.

धरण नव्हे, उचल बंधारा

नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ दगडी बंधारा आहे. त्याचं काम इंग्रजी अमलात, १९०७ साली सुरू झालं. लोक सवयीने 'धरण' म्हणतात, पण पाणी साठवणं हे त्याचं मुख्य काम कधीच नव्हतं. वर दारणा धरण १९१६ च्या सुमारास उभं राहिलं, पुढे गंगापूर आलं. त्या धरणांतून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून खाली येतं आणि इथे अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवलं जातं. कोपरगाव, राहात्याकडच्या उसाचा आणि फळबागांचा जीव या पाटांवर. नंतर मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडे जाणारा जलद कालवाही इथूनच निघाला.

पाणी थांबलं की गाळ बसतो. शंभर वर्षं गोदावरी, दारणा, कादवा यांनी काळी माती आणून इथे ओतली. इंजिनिअरच्या हिशेबात ही बंधाऱ्याची झीज. पक्ष्यांच्या हिशेबात नेमकी उलट गोष्ट घडली: उथळ पाणी, मधूनमधून बेटं, बेटांवर बाभळी, कडेला पाणकणीस, उघडा चिखल, गवताळ थड्या. पर्जन्यछायेतल्या कोरड्या मुलखात हे सगळं एकाच ठिकाणी. आजूबाजूच्या गावांच्या नावांतही नदीकाठ आहे. 'खानगाव थडी' मधली थडी म्हणजे काठच.

डॉ. सलीम अलींनी या जागेला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हटलं, असं इथला प्रत्येक जण सांगतो. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. २०२० च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव आल्याची बातमी आली. महाराष्ट्रातली ती पहिली जागा. लोणार त्याच वर्षी नंतर आलं, ठाणे खाडी २०२२ मध्ये.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. अभयारण्य १०० चौरस किलोमीटर, रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे १४ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ सातपट. मधल्या पट्ट्यात गावं आहेत, द्राक्षबागा, ऊस, कांदा, गहू, रस्ते, शाळा, स्मशानं आहेत. 'अभयारण्यात प्रवेश' हे शब्द बाहेरच्या माणसाला फाटकाची आठवण करून देतात. इथे हजारो माणसं अभयारण्यातच झोपेतून उठतात.

फूटभर पाणी

पाणपक्ष्यांना 'पाणी लागतं' हे वाक्य फारच ढोबळ आहे. कोणाला किती, हा खरा प्रश्न. चिखल्या, तुतवार या मंडळींना ओला चिखल किंवा बोटभर पाणी. शेकाट्याला टाच बुडेल इतकं. चमचा, चित्रबलाक यांना गुडघाभर चालतं. थापट्या पाण्याचा वरचा थर चोचीने गाळून खातो. तलवार बदक पाण्यावर तरंगत मान खाली घालून तळाचं खातं, म्हणजे त्याची मान पोचेल तेवढीच खोली कामाची. लालसरी बुडी मारते, तिला खोल पाणी हवं. कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तरंगत्या वनस्पतींवर जगतात. पट्टकदंब हंस पाण्यावर विसावतात, पण पोट भरायला काठचं आखूड गवत आणि शेतं गाठतात.

याचा अर्थ असा की नांदूरचा अधिवास नकाशावर कायमचा रंगवता येत नाही. तो पाण्याच्या कडेबरोबर सरकतो. गाळाने भरलेली जमीन जवळपास सपाट असते. समजा पाचशे फुटांना एक फूट इतका उतार आहे. मग बंधाऱ्याशी पाणी एक फूट चढलं की कड पाचशे फूट आत येते, आणि त्या पाचशे फुटांतला उघडा चिखल नाहीसा होतो. बंधाऱ्यावर उभ्या माणसाला एक फुटाचा फरक डोळ्यांनी कळणारही नाही. सैबेरियातून आलेल्या मूठभर वजनाच्या पक्ष्याचं मात्र ताट उचललं गेलेलं असतं.

फूट कोण चढवतं? कालव्याच्या तोंडाशी पुरेशी उंची मिळावी म्हणून आवर्तनाच्या काळात बंधाऱ्यात पाणी धरावं लागतं. आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीत ठरतात. तिथे ऊस बोलतो, फळबाग बोलते, पिण्याच्या पाण्याच्या योजना बोलतात, आणि ते रास्तच आहे. त्यात खालच्या जायकवाडीचा हिस्सा असतो. २०२३ मध्ये लागू असलेल्या समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं होतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात असं सोडलं गेलं तेव्हा नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद कोर्टापर्यंत आणि रस्त्यापर्यंत पोचला. गोदावरीतून जायकवाडीकडे जाणारं पाणी नांदूरच्या बंधाऱ्यावरूनच पुढे जातं, आणि नोव्हेंबर हाच स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरण्याचा महिना. त्या वादात बदकांची बाजू मांडायला कोणी उभं राहावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण जलसंपदा विभागाच्या चावीला वन्यजीव विभागाच्या पाटीपेक्षा जास्त वजन आहे, एवढं तरी मान्य व्हावं.

आत कोण, बाहेर कोण

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये अभयारण्यात कोणी जावं याची यादी आहे, कलम २७ मध्ये. कामावरचा सरकारी सेवक, आत राहायची परवानगी मिळालेला, हद्दीत जमीन-घराचा हक्क असलेला माणूस, या तिघांवर अवलंबून असलेले, आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारा. बाकीच्यांना परवाना लागतो. कलम २८ मध्ये परवाने कशासाठी द्यायचे ते येतं: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. म्हणजे कांद्याचा व्यापारी आणि पक्षीनिरीक्षक एकाच कलमात शेजारी-शेजारी बसलेत. कायदा लिहिणाऱ्यांना नांदूर ठाऊक नसावं, पण तरतूद इथे चपखल बसते.

प्रत्यक्षातली मांडणी साधी आहे. चापडगावला मनोरे आणि पायवाटा, खानगाव थडीला निसर्ग निर्वचन केंद्र. गावातली मुलं गाईड म्हणून तयार झालीत. लहानपणी ज्याला त्यांनी 'पांढरं बगळं' म्हटलं त्याला ती आता 'युरेशियन स्पूनबिल' म्हणतात, आणि पुण्या-मुंबईचा पाहुणा ऐकून हरखतो. मला यातली कौतुकाची गोष्ट वेगळीच वाटते. पाहुणे काठावर थांबतात आणि बहुतेक वाटा थडीच्या कडेने जातात. पाण्याच्या मध्यावरची बेटं मोकळी राहतात. पाणथळीत माणसाला आत न नेता कडेवर खिळवून ठेवणं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक व्यवस्थापन. कडेवर मात्र माणूस आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला तर शंभर मीटरवरून थवा उठतो. त्याच अंतरावर झुडपाआड बसला तर उठत नाही. बांधावरून चालणाऱ्यांसाठी कमरेइतका कुडाचा आडोसा केला तरी पुष्कळ फरक पडेल.

थवा एकदा उठल्याने काय बिघडतं, असं पाहुणे विचारतात. एकदा उठल्याने काही नाही. पण थंडीतलं बदक खाऊन जितकं कमावतं त्यातलंच उडण्यात खर्च करतं. रविवारी सकाळी दर दहा मिनिटांनी एक नवा गट आला, प्रत्येकाने 'जरा उडवून बघू' केलं, की त्या दिवसाचा ताळेबंद तोट्यात. फोटोसाठी ध्वनिमुद्रित आवाज लावणारे आणि ड्रोन उडवणारे याहून वरचढ. त्यांच्यासाठी नियम आहेत. नियमापेक्षा गाईडची नजर जास्त कामाला येते असा माझा अनुभव.

गावाचा वावर हा निराळा विषय, आणि तिथे माझं मत बऱ्याच पक्षीमित्रांना रुचत नाही. म्हशी पाण्यात दिसल्या की फ्रेम बिघडली म्हणून कपाळाला आठ्या घालणारे मी पाहिलेत. त्यांनी राजस्थानातल्या खऱ्या भरतपूरची गोष्ट आठवावी. तिथलं केवलादेव हे पक्षी अभयारण्य १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई एका फटक्यात बंद केली गेली. गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, माणसं मेली. आणि मग पाण्यात पास्पालम नावाचं गवत माजलं. म्हशी ते खाऊन आटोक्यात ठेवत होत्या. उघडं पाणी आकसलं, बदकांची जागा गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून शेवटी हेच पुढे आलं की चराई थांबवून अधिवासाचं नुकसान झालं. ज्या जागेला आपण 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणून मिरवतो तिने भरतपूरचं निदान हे एक पान तरी वाचावं.

म्हणून सरसकट 'म्हशी चांगल्या' असंही नाही. हिवाळ्यात काठचं गवत आखूड राहिलं तर हंसांना बरं. मार्च ते मे मात्र गोष्ट बदलते. पाहुणे गेलेले असतात, स्थलांतरित परतीच्या वाटेला लागलेले असतात, आणि तेव्हा सुरय व पाणभिंगऱ्या उघड्या बेटांवर, रेतीत, गाळाच्या भेगांशेजारी अंडी घालतात. घरटं म्हणजे जमिनीतला खळगा. म्हशीचा खूर, मोकाट कुत्रं, मासेमाराची पायवाट, काहीही पुरे. पर्यटन विचारात घेऊन आखलेली बंदी-मुभा नोव्हेंबर-फेब्रुवारीकडे बघते, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्यांना सगळ्यात जास्त संरक्षण हवं असतं ते उन्हाळ्यात, जेव्हा फाटकावर कोणी फिरकत नाही. शिवाय उन्हाळी आवर्तन असतंच. चढतं पाणी खुरापेक्षा हळू येतं, पण खळगा चुकवत नाही.

गाळ काढा, गाळ ठेवा

आता या प्रकरणाची सगळ्यात बोचरी बाजू. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सायखेडा आणि चांदोरी ही गावं. गोदावरीला मोठा पूर आला की नाशिकच्या रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीचे फोटो सगळीकडे फिरतात, पण त्या पुराचा मुक्काम खाली सायखेडा-चांदोरीत असतो. २०१६ चा ऑगस्ट, २०१९ चा ऑगस्ट. बाजारपेठेत पाणी, घरांत पाणी, आणि नांदूरच्या बंधाऱ्यावरून लाखांच्या आकड्यांत क्युसेक. वरून वाहत आलेल्या पाणवेली सायखेड्याच्या पुलाला येऊन अडकतात आणि पुलाचाच बांध होतो. या पाणवेली जलपर्णी म्हणून पुस्तकात वाचतो त्याच. वरच्या शहराचं सांडपाणी नदीत जितकं येईल तितक्या त्या माजतात. पुरात त्या पुलाला नडतात, इतर वेळी नांदूरच्या उघड्या पाण्यावर गालिचा घालतात. रामसरच्या नोंदीतही धोक्यांमध्ये त्यांचं नाव आहे.

पूर बघितलेली माणसं म्हणतात, बंधाऱ्यात गाळ साचलाय, पाण्याला जायला जागा नाही, गाळ काढा, दरवाजे वाढवा. ज्याच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलंय त्याला 'तो गाळ म्हणजे चमच्यांचं आणि शेकाट्यांचं ताट आहे' असं सांगायला मी तरी जाणार नाही. दुसरीकडे, सगळा गाळ उपसला तर १९०७ नंतरच्या शंभर वर्षांनी घडवलेली पाणथळ जाऊन एक खोल, कोरीव, पक्ष्यांसाठी ओसाड तळं उरेल. पूर सामावून घेणं हाही या जागेच्या रामसर नोंदीतला एक गुण आहे. म्हणजे एकाच मातीवर तीन दावे: पुराला जागा, पाटाला पाणी, पक्ष्यांना चिखल.

माझ्या मते इथे 'काढा की ठेवा' हा प्रश्नच चुकीच्या शब्दांत विचारला जातो. पुराच्या वेळी महत्त्व असतं ते मुख्य प्रवाहाच्या वाटेला. पक्ष्यांचं बहुतेक जगणं असतं कडेच्या उथळ पट्ट्यांत आणि बेटांवर. मूळ पात्राची धार मोकळी करणं आणि काठ-बेटं न खरवडणं या दोन गोष्टी एका आराखड्यात बसू शकतात. पण त्यासाठी तळाची मोजणी करून कुठे किती गाळ आणि त्यावर कुठल्या महिन्यात कोण, हे एकाच कागदावर यावं लागेल. तो कागद जलसंपदा आणि वन्यजीव दोघांच्या टेबलावर हवा. पाणवेलींचंही तसंच. पुलापाशी अडकल्यावर पोकलेन लावण्यापेक्षा पावसाळ्याआधी काढलेल्या बऱ्या, आणि त्याहून बरं नाशिकचं सांडपाणी नदीत येण्याआधी शुद्ध करणं. हे सगळ्यांना माहीत आहे. करायला खर्च येतो, म्हणून प्रत्येक ऑगस्टात नव्याने आठवतं.

वावर पाण्याप्रमाणे

एवढं सगळं ऐकून एक मित्र म्हणाला, मग पर्यटकांचं काय करायचं ते सांग. त्याला सांगितलं ते असं. मनोरे एका जागी रोवलेले आहेत आणि पक्षी पाण्याच्या कडेबरोबर चालतात, तेव्हा आज कुठली वाट उघडी ठेवायची हे पाण्याच्या पातळीवर ठरवावं. पाणी चढलेलं असेल तर उरलेल्या थोड्या चिखलाजवळची वाट बंद, कारण सगळे चिखलातले तिथेच दाटलेत. त्यांना तिथूनही उठवलं तर जायला जागा नाही. पाणी उतरलेलं असेल तर चिखल भरपूर आहे, थोडं जवळ जाऊ द्या. आजची पद्धत नकळत याच्या उलट चालते. पाणी चढून मनोऱ्यासमोर काही दिसत नाही, की निराश पाहुणा 'जरा पुढे जाऊन बघू' म्हणतो, आणि त्याला नेणारं कोणी ना कोणी भेटतं.

आवर्तनाच्या तारखा आधीच ठरतात. त्या गाईडांना आठ दिवस आधी कळल्या तर निम्मं काम झालं. आणि पाणी उतरवताना एका दमात न उतरवता रोज थोडं उतरवलं, जिथे पाटाच्या गरजेत बसतं तिथे, तर दररोज नवी ओली पट्टी उघडी पडते आणि पंधरा दिवस ताट वाढलेलं राहतं. यात थेंबभर पाणी जास्त लागत नाही. फक्त वेळ जुळवावी लागते.

त्या दिवशी दहाच्या सुमारास ऊन पाठीला लागलं. लांबच्या बेटावर चित्रबलाक पंख पसरून उभे राहिले, उसाच्या फडाकडून कोल्हा येऊन पाणी पिऊन गेला, पोरं खूश झाली. मनोऱ्यावरून उतरताना मी गाईडला विचारलं, आवर्तन सुटणार हे तुला कोण सांगतं?

तो हसला. "आमचे दाजी कोपरगावला आहेत सर, पाटावर शेती आहे त्यांची. त्यांना पाण्याची पाळी आली की मला फोन करतात. मग मी पाहुण्यांना सांगतो, आत्ता येऊ नका."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही फोन न करता आलात ना."

मी नंबर घेतला. जानेवारीत त्याचा निरोप आला, दाजींच्या पाटाचं पाणी बंद झालंय, रविवार सोडून या.